अस्वल राहते कुठे? : मध्य भारतातील अस्वलांच्या निवाऱ्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

वाघ कुठे राहतो असे विचारले तर उत्तर तयार असते : ताडोब्यात, मेळघाटात, कान्ह्यात. अस्वलाबद्दल तोच प्रश्न विचारला की उत्तर पांगत जाते. अस्वल मेळघाटात आहे, नागझिऱ्यात आहे, बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत आहे. पण ते छत्तीसगढात कांकेर शहराला खेटून उभ्या असलेल्या डोंगरींवरही आहे. महासमुंद जिल्ह्यात बागबाहराजवळ घुंचापालीच्या चंडीमंदिरात ते प्रसाद खायला येते. मरवाहीकडे ते मक्याच्या आणि भुईमुगाच्या शेतात उतरते. अभयारण्याच्या नकाशावर बोट ठेवून त्याचा पत्ता सांगता येत नाही, कारण मध्य भारतातली कितीतरी अस्वले अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावांच्या शिवारात आणि तुकड्या-तुकड्यांनी उरलेल्या रानात राहतात. त्यांचा पत्ता कसा शोधतात, हा शोध कोणी सुरू केला, तो आज कुठवर आला आहे आणि नव्या संशोधक विद्यार्थ्यासाठी त्यात कोणते काम शिल्लक आहे, हे सांगण्यासाठी हे पुस्तक तयार केले आहे.

दोन शब्द या पुस्तकात वारंवार येतील, म्हणून त्यांचा अर्थ आधीच ठरवून घेऊ. निवारा म्हणजे अस्वल दिवसा झोपते, ऊन-पाऊस टाळते आणि मादी पिल्ले घालते ती नेमकी जागा. मग ती गुहा असो, दोन धोंड्यांमधली कपार असो, ओढ्याच्या काठी उकरलेले बीळ असो की घाणेरीच्या दाट जाळीखालची सावली. अधिवास म्हणजे त्या निवाऱ्यासह अन्न, पाणी, आडोसा आणि जोडीदार पुरवणारा सगळा मुलूख. आजवर आपल्याकडे अधिवासाबद्दल बरेच बोलले गेले आणि निवाऱ्याबद्दल फार कमी. मध्य भारतातल्या अस्वलाचे भवितव्य झाडांइतकेच खडकांवर अवलंबून आहे, आणि ते खडक आपण मोजलेलेच नाहीत, ही या पुस्तकामागची धारणा आहे.

प्रथम प्राण्याची ओळख. जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत आणि त्यांपैकी चार भारतात आढळतात : हिमालयातले तपकिरी अस्वल, हिमालयापासून ईशान्येपर्यंतचे काळे अस्वल, ईशान्येतले सूर्य अस्वल, आणि मराठी माणूस ज्याला नुसते अस्वल म्हणतो ते, छत्तीसगढातले भालू. लांब काळे केस, छातीवर पांढरट चंद्रकोर, लोंबते ओठ आणि पुढच्या पायांना सहा ते आठ सेंटीमीटर लांबीची वाकडी नखे. वरच्या जबड्यातले मधले दोन पटाशीचे दात त्याला नसतात. वारूळ फोडून त्यात तोंड घातले की या फटीतून आणि ओठांच्या नळीतून ते वाळवी ओढून घेते. माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटूनही घेते. हा ओढण्याचा आवाज रात्रीच्या शांततेत शंभर मीटरांपलीकडेही ऐकू येतो. युरोपातल्या पहिल्या अभ्यासकांची या नखांनी आणि दातांनी फसगत झाली होती. जॉर्ज शॉ याने १७९१ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडावर लोंबणाऱ्या स्लॉथांच्या कुळात बसवले होते. पुढे चूक उमगली तरी ‘स्लॉथ बेअर’ या इंग्रजी नावात ती खूण राहून गेली.

आज हे अस्वल भारत, नेपाळ आणि श्रीलंका एवढ्याच देशांत उरले आहे. बांगलादेशातून ते नाहीसे झाले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद असुरक्षित जात म्हणून आहे आणि भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. वाघासाठी १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तशी देशव्यापी मोहीम अस्वलाच्या वाट्याला आली नाही. कर्नाटकात बल्लारी जिल्ह्यातल्या दरोजी इथे १९९४ मध्ये खास अस्वलांसाठी अभयारण्य झाले आणि गुजरातेत रतनमहालसारखी अस्वलांमुळे ओळखली जाणारी अभयारण्ये आहेत. मध्य भारतातले बहुतेक अस्वल मात्र वाघासाठी राखलेल्या जंगलाच्या आश्रयाने किंवा कोणाच्याच आश्रयाविना जगते.

या अभ्यासाची वाटचाल पाहताना स्थूलमानाने चार परंपरा दिसतात. पहिली शिकारी आणि वनाधिकाऱ्यांची. जेम्स फोर्सिथ याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ चे, सिवनीत राहिलेल्या रॉबर्ट स्टर्नडेल याचे सस्तन प्राण्यांवरचे पुस्तक १८८४ चे, आणि मध्य प्रांताच्या वनखात्यात नोकरी केलेल्या डनबर ब्रँडर याचे मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवरचे पुस्तक १९२३ चे. या मंडळींच्या हातात बंदूक होती, पण डोळे उघडे होते. मोहाच्या दिवसांत अस्वल कधी येते, खडकाच्या कोणत्या बाजूला झोपते, गुहेतून हाकलले तर कसे अंगावर येते हे त्यांनी जवळून पाहिले. त्यांच्या नोंदी आजही उपयोगी आहेत. मात्र त्यांना भेटलेले अस्वल बहुतेक वेळा हाकाऱ्याने उठवलेले, घाबरलेले किंवा जखमी होते, हे वाचताना विसरू नये.

या परंपरेचे मराठी अंग फार वेगळे आणि सुंदर आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या रानात राहिले. प्राण्यांबद्दल लिहिताना त्यांनी गोंड आणि इतर वनवासी माणसांचे ज्ञान मानाने नोंदवले. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून ‘नागझिरा’ लिहिले, किरण पुरंदरे तिथेच वर्षभर राहिले. त्यांच्या लिखाणाने मराठी वाचकाला रानात गप्प बसायला शिकवले. संशोधक विद्यार्थ्याने ते वाचावे असा माझा आग्रह आहे, कारण निवाऱ्याच्या अभ्यासात पहिले कौशल्य लागते ते हेच.

दुसरी परंपरा रेडिओ कॉलरची. तिची सुरुवात अमेरिकेत झाली. यलोस्टोनमध्ये फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या भावांनी १९५९ पासून तपकिरी अस्वलांचा अभ्यास केला आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या गळ्यात रेडिओ बांधून त्यांच्या मागोमाग हिवाळ्यातल्या गुहेपर्यंत पोहोचण्यात यश मिळवले. त्यानंतर काळ्या अस्वलाच्या गुहांचा अभ्यास तिथे एक स्वतंत्र शाखाच झाली. टेनेसीतल्या ग्रेट स्मोकी पर्वतात मायकेल पेल्टन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना असे आढळले की तिथली अस्वले जुन्या, प्रचंड झाडांच्या उंचावरच्या ढोलीत हिवाळा काढतात. या एका निरीक्षणाने वनव्यवस्थापनाला प्रश्न विचारला : अशी म्हातारी झाडे तोडल्यावर अस्वलाने जायचे कुठे? मिनेसोटात डेव्हिड गार्शेलिस आणि कॅरन नॉइस यांनी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या अस्वलांचा पाठपुरावा केला. तिथल्या ५६ क्रमांकाच्या मादीला १९८१ मध्ये कॉलर बांधली होती. ती २०१३ मध्ये मरण पावली तेव्हा साडेएकोणचाळीस वर्षांची होती. वयाची खात्री असलेले इतके म्हातारे रानटी अस्वल दुसरे ठाऊक नाही. तिची माहिती एवढी वर्षे मिळत राहिली यात हिवाळ्यातल्या गुहेचा मोठा वाटा होता. गुहेत सुस्त पडलेल्या अस्वलाला भूल देऊन वजन घ्यायचे, पिल्ले मोजायची, कॉलर बदलायची, अशी तिथली पद्धत आहे.

इथे आपल्या विद्यार्थ्याने थबकून विचार करायला हवा. अमेरिकेतले काळे अस्वल कित्येक महिने खात-पीत नाही, मलमूत्र विसर्जित करत नाही. अलास्कातल्या बंदिस्त अस्वलांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शीतनिद्रेतल्या अस्वलाची चयापचयाची गती नेहमीच्या चतुर्थांशावर उतरलेली दिसली, शरीराचे तापमान मात्र तीस अंशांच्या खाली गेले नाही. ही झोप थंडीपेक्षा उपासमारीवरची तोड आहे : खायला नसेल तेव्हा खर्च कमी करायचा. आपल्या अस्वलाला वाळवी आणि मुंग्या बारा महिने मिळतात, म्हणून ते शीतनिद्रा घेत नाही. म्हणजे आपल्याकडच्या गुहेत जे अस्वल आहे ते जागे आहे किंवा पानाच्या आवाजाने जागे होणारे आहे. परदेशी पुस्तकातली पद्धत उचलून कपारीत डोकावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. आपल्या अभ्यासाची पद्धत आपल्यालाच घडवावी लागली, आणि ती अजून घडतेच आहे.

आपल्या अस्वलाच्या वागण्याचा पाया चितवनमध्ये घातला गेला. नेपाळच्या या राष्ट्रीय उद्यानात अँड्र्यू लॉरी आणि जॉन सायडेनस्टिकर यांनी केलेल्या निरीक्षणांचा लेख १९७७ मध्ये आला. नव्वदच्या दशकात अनूप जोशी यांनी गार्शेलिस आणि जेम्स स्मिथ यांच्यासोबत तिथल्या अस्वलांना रेडिओ कॉलर बांधून त्यांचे फिरण्याचे क्षेत्र, खाणे आणि समाजजीवन उलगडले. वाळवीने समृद्ध असलेल्या त्या गवताळ खोऱ्यात मादीला साधारण नऊ आणि नराला चौदा चौरस किलोमीटर एवढा थोडा मुलूख पुरत होता. पावसाळ्यात खोरे पाण्याखाली गेले की अस्वले सालच्या उंच रानात सरकत. पिल्लांसोबतच्या माद्या इतरांपेक्षा जास्त दिवसा फिरत. रात्री नर आणि वाघ मोकळे असतात, त्यांना चुकवण्याची ही रीत. भारतात पन्ना इथे के. योगानंद यांनी रेडिओ कॉलरच्या साहाय्याने केलेला अभ्यास पायाभूत ठरला. पन्नाच्या कोरड्या, दगडी पठारावर अस्वलांना चितवनपेक्षा कितीतरी मोठा मुलूख लागत होता, आणि कड्यांमधल्या गुहा व दाट झुडपे हा त्यांच्या दिवसाच्या विसाव्याचा आधार होता.

तिसरी परंपरा संघर्षाच्या अभ्यासाची, आणि ती प्रामुख्याने आपल्याच भागातली आहे. अविभाजित मध्य प्रदेशात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत अस्वलांनी ७३५ माणसांना जखमी केले आणि त्यांतली ४८ दगावली, असे राजपुरोहित आणि क्रॉसमन यांनी २००० साली नोंदवले. आजचे छत्तीसगढ तेव्हा त्याच राज्यात होते. त्यानंतर भारतीय वन्यजीव संस्थेच्या एन. पी. एस. चौहान यांच्यासोबत हरेंद्र सिंग बरगली आणि नईम अख्तर यांनी उत्तर बिलासपूर वनविभागात काम केले. पेंड्रा-मरवाहीचा हा भाग २०२० पासून गौरेला-पेंड्रा-मरवाही या नव्या जिल्ह्यात आहे. २००४ ते २००७ या काळात त्यांचे तीन लेख ‘अर्सस’ या अस्वलांना वाहिलेल्या नियतकालिकात आले : एक अन्नावर, एक हल्ल्यांवर आणि एक दिवसाच्या निवाऱ्यांवर. तिन्ही एकत्र वाचले की त्यांतून एक सलग गोष्ट उलगडते. जंगल विरळ झाले, फळझाडे कमी झाली, म्हणून अस्वल शेताकडे वळले. झाडोऱ्याचा आडोसा गेला, म्हणून दिवस काढायला धोंड्यांच्या टेकड्यांवरच्या गुहा हाच आसरा उरला. या टेकड्या गावांच्या मधोमध आहेत, म्हणून मोह वेचायला, सरपणाला किंवा परसाकडे निघालेल्या माणसाशी त्याची गाठ पडते. पुढे कान्हा-पेंच पट्ट्यात अनिरुद्ध धामोरीकर आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा मागोवा घेतला. त्यांचा लेख २०१७ चा आहे.

चौथी परंपरा मोठ्या भूप्रदेशाची. तिच्यात एकेका अस्वलाच्या मागे न जाता संख्याशास्त्र आणि जनुकशास्त्र यांच्या मदतीने हजारो चौरस किलोमीटरांकडे पाहतात. माही पुरी, अर्जुन श्रीवत्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अस्वलाच्या देशभरच्या प्रसाराचे गणिती चित्र मांडले. त्याच वर्षी त्रिशना दत्ता आणि संदीप शर्मा यांच्या गटाने सातपुडा-मैकल प्रदेशातली विष्ठा गोळा करून, तिच्यातल्या डीएनएवरून, मेळघाट, सातपुडा, पेंच आणि कान्हा इथली अस्वले एकमेकांशी कितपत जोडलेली आहेत हे तपासले. अभयारण्यांच्या मधली जमीन, म्हणजे गावे, शेते आणि तुटक रान, अस्वलांना अजून ओलांडता येते, असा या कामाचा आशय आहे. ती ओलांडताना अस्वल दिवस कुठे काढते, हा प्रश्न मात्र पुन्हा निवाऱ्यापाशी येऊन थांबतो.

आता निवाऱ्याचा थोडा विस्ताराने विचार करू, कारण पुस्तकाचा गाभा तोच आहे. दिवसाचा निवारा आणि पिल्लांचा निवारा या दोन वेगळ्या गरजा आहेत. विदर्भ आणि छत्तीसगढात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. अंगावर दाट काळे केस असलेल्या प्राण्याला त्या उन्हात सावली पुरत नाही, गारवा लागतो. खोल कपारीतला दगड तो देतो. एक अस्वल अशा अनेक जागा आलटून पालटून वापरते, ऋतुमानाप्रमाणे बदलते. पिल्लांचा निवारा मादी अधिक चोखंदळपणे निवडते. मध्य भारतात समागम बहुधा जून-जुलैत होतो, गर्भाची वाढ काही काळ थांबून राहते, आणि हिवाळ्याच्या सुरुवातीपासून जानेवारीपर्यंत एक किंवा दोन, क्वचित तीन पिल्ले जन्मतात. जन्मतः ती आंधळी आणि असहाय असतात. सुरुवातीचे दिवस मादी गुहा सोडत नाही. मग थोड्या थोड्या वेळासाठी खायला बाहेर पडू लागते. दोन-तीन महिन्यांनी पिल्ले तिच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून बाहेर येतात. पिल्लांना पाठीवर वाहून नेण्याची ही सवय अस्वलांच्या इतर जातींत अशी रुजलेली नाही. दीड ते अडीच वर्षे ती आईसोबत राहतात. या सगळ्या साखळीत सर्वांत नाजूक कडी म्हणजे पहिल्या दोन-तीन महिन्यांची गुहा. तिचे तोंड अरुंद असावे, आत पाणी शिरू नये, बिबट, वाघ आणि नर अस्वलाला सहज आत येता येऊ नये, आणि मोहाचा हंगाम जवळ येईल तेव्हा खाणे चालण्याच्या टप्प्यात असावे.

पिल्लांच्या गुहांचे सर्वांत जुने जाणकार दुर्दैवाने पिल्ले पळवणारे होते. मादी खायला बाहेर पडली की गुहेतून पिल्ले उचलायची, त्यांच्या नाकातून दोर ओवायचा आणि दारोदार नाचवायला विकायची, हा व्यवहार शतकानुशतके चालला. अस्वले नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांचे पुनर्वसन आणि अस्वलांची सुटका यांची सांगड घालणाऱ्या प्रयत्नांमुळे २००९ च्या सुमारास रस्त्यावरचे नाचते अस्वल जवळपास दिसेनासे झाले. संशोधकासाठी यातून एक बंधनकारक नियम निघतो : गुहेचे नेमके अक्षांश-रेखांश छापायचे नाहीत, समाजमाध्यमावर टाकायचे नाहीत. प्रबंधात नकाशा द्यायचा तर तो गुहा हुडकता येणार नाही इतका ढोबळ असावा.

नव्या विद्यार्थ्याला पद्धतीबद्दल सर्वांत मोलाची कल्पना कोणती, असे कोणी विचारले तर मी निवड आणि उपलब्धता यांचा फरक सांगेन. अस्वल अमुक टेकडीवर सापडले यावरून त्याला ती आवडते असे ठरत नाही. कदाचित दुसरी टेकडीच उरली नसेल. म्हणून वापरातल्या प्रत्येक कपारीसोबत त्याच परिसरातल्या न वापरलेल्या कपारीही मोजाव्या लागतात : तोंडाची रुंदी, खोली, दिशा, चढ, आतले आणि बाहेरचे तापमान, पाणवठ्याचे, पायवाटेचे आणि वस्तीचे अंतर, भोवतालचे झाड-झुडूप. डग्लस जॉन्सन यांनी १९८० मध्ये अशा निवडीचे चार स्तर सांगितले : जातीचा एकूण प्रदेश, त्यात एका प्राण्याचे फिरण्याचे क्षेत्र, त्यात विशिष्ट जागा, आणि त्या जागेत विशिष्ट गोष्ट. आपला प्रश्न कोणत्या स्तरावरचा आहे हे विद्यार्थ्याने पहिल्याच पानावर लिहून ठेवले तर पुढचा पुष्कळ गोंधळ टळतो.

प्रत्यक्ष कामात खुणा वाचाव्या लागतात. मोहाच्या आणि बहाव्याच्या दिवसांतली विष्ठा निराळी, वाळवीच्या दिवसांतली निराळी. तेंदू, चार, बोर, जांभूळ, उंबर यांच्या बिया धुऊन, वाळवून, मोजून ठेवायच्या. फोडलेली वारुळे, अर्जुनाच्या आणि मोहाच्या खोडावरचे ओरखडे, कपारीच्या तोंडाशी गुळगुळीत झालेला दगड आणि त्याला चिकटलेले केस, हे सारे पुरावे. कॅमेरा ट्रॅपने हा अभ्यास बदलून टाकला, कारण गुहेजवळ माणूस न थांबता तिथली ये-जा कळू लागली. पण त्यालाही शिस्त आहे. पिल्लांच्या हंगामात कॅमेरा लावायला जाणे म्हणजे मादीला जागा सोडायला लावणे ठरू शकते. तो आधीच, गुहा रिकामी असताना लावावा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये. वनखात्याची लेखी परवानगी, सोबत अनुभवी वनरक्षक, वाऱ्याकडे लक्ष आणि टेकडी चढताना बोलत चालणे, या गोष्टींत तडजोड नको. अस्वल बहुतेक वेळा दचकून अंगावर येते. वाघाच्या राज्यात वाढलेल्या या प्राण्याला झाडावर चढून सुटका मिळत नाही, म्हणून ते समोर उभे राहून लढायला शिकले आहे. त्याला आपली चाहूल आधी लागली तर ते बहुधा निघून जाते.

हे सगळे आत्ताच का महत्त्वाचे आहे? हे मी भिलाईजवळच्या जामुलमध्ये बसून लिहितो आहे, आणि इथून उत्तर स्पष्ट दिसते. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये पेटला. त्याला लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांनी दिले, चुनखडी नंदिनीच्या खाणीने दिली. त्याच्या शेजारी जामुलमध्ये सिमेंट तयार होऊ लागले. या उद्योगांनी आमच्यासारख्या कितीतरी मराठी कुटुंबांना घरे दिली, पिढ्या शिकवल्या. त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. राजहराचे खनिज सरत आल्यामुळे आता रावघाटच्या डोंगरांकडे रेल्वे गेली आहे. याखेरीज रस्ते, धरणे आणि शहरे यांच्यासाठी गिट्टी लागते, आणि ती गावाशेजारच्या छोट्या टेकड्या फोडून मिळते. अशी टेकडी अनेकदा महसुली जमीन असते, तिच्यावर झाडे थोडी असतात, कागदावर ती पडीक असते. पण मरवाहीच्या अभ्यासाने दाखवले तसे, विरळ रानातल्या अस्वलाला दिवस काढायला नेमकी अशीच टेकडी लागते. झाड तुटले तर पन्नास वर्षांनी पुन्हा उभे राहील. हजारो वर्षांच्या ऊन-पावसाने घडलेली धोंड्यांची रास एकदा फुटली की कोणत्याही वृक्षारोपणाने परत येणार नाही. म्हणून खाणीला परवानगी देताना झाडांची मोजणी होते तशी कपारींचीही व्हायला हवी.

दुसरे कारण माणसांचे आहे. अस्वलाचा हल्ला चेहऱ्यावर होतो. त्यातून वाचलेला माणूस डोळा, नाक, जबडा गमावून उरलेले आयुष्य काढतो. ही माणसे मोह आणि तेंदूपत्ता गोळा करणारी, पावसाळ्यात पुटू आणि बोडा ही रानातली अळंबी शोधणारी, रोजच्या मिळकतीसाठी रानात जाणारी असतात. कोणत्या टेकडीवर कोणत्या महिन्यात मादी पिल्लांसह आहे हे गावाला आणि वनरक्षकाला ठाऊक असेल, तर त्या दोन-तीन महिन्यांपुरती वेचणीची वाट बदलता येते. कांकेर भागात अस्वलांना रानातच अन्न मिळावे म्हणून फळझाडे लावण्याचा जामवंत प्रकल्प वनखात्याने हाती घेतला. अन्नासोबत निवाऱ्याचा नकाशा हाताशी असेल तर अशी झाडे नेमकी कुठे लावायची हेही ठरवता येईल. निवाऱ्याचा अभ्यास अस्वलासाठी जितका आहे तितकाच पहाटे टोपली घेऊन घराबाहेर पडणाऱ्या बाईसाठी आहे.

तिसरे कारण भाषेचे आणि सरहद्दीचे. १९५६ पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगढ एकाच राज्यात होते आणि नागपूर त्याची राजधानी होती. प्रशासन वेगळे झाले तरी रान एकच राहिले : गोंदियाच्या नवेगाव-नागझिऱ्यातून राजनांदगावकडे, गडचिरोलीतून कांकेर आणि नारायणपूरकडे. अस्वल ही हद्द जाणत नाही, पण त्याच्याबद्दलचे ज्ञान हद्दीपाशी अडते. छत्तीसगढचे संशोधन इंग्रजी नियतकालिकांत आणि हिंदी अहवालांत आहे. महाराष्ट्राच्या वनरक्षकाने, कोरचीच्या किंवा देवरीच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते कुठे वाचायचे? सह्याद्रीतल्या कोयना-चांदोलीपासून गोव्याच्या म्हादईपर्यंतही अस्वल आहे, आणि तिथला निवारा तर अजून फारच थोडा अभ्यासला गेला आहे. तिथे पाऊस प्रचंड, रान दाट, खडक जांभा किंवा काळा पाषाण. मध्य भारतातले निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. कोकणच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला इथे संपूर्ण नवे क्षेत्र मोकळे आहे.

या पुस्तकाने तीन गोष्टी करायचे ठरवले आहे. चारही परंपरांतले महत्त्वाचे काम मराठीत, त्याच्या पुराव्यांसह आणि मर्यादांसह, एकत्र मांडणे ही पहिली. मध्य भारतातल्या निवाऱ्यांचे प्रकार, त्यांची मोजमापे आणि क्षेत्रकार्याची शिस्त अशा रीतीने समजावणे की पदव्युत्तर विद्यार्थ्याला पहिला आराखडा स्वतः करता यावा, ही दुसरी. आणि वनरक्षक, मोहफुले वेचणाऱ्या बाया, गुराखी यांच्याजवळ असलेले ज्ञान पुराव्याच्या दर्जाने नोंदवण्याची रीत दाखवणे ही तिसरी. अस्वले किती आहेत याचे एक मोठे आकडेवार उत्तर देण्याचा दावा पुस्तक करत नाही, आणि हल्ल्यांच्या थरारक कथांनाही त्यात जागा नाही. प्राणिशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाने आधी निवाऱ्यांचा भाग वाचून मग पद्धतींकडे वळावे. संशोधकाने उलटा क्रम घेतला तरी चालेल.

शेवटी वाचकाला एक काम सांगतो, आणि ते करायला प्रबंध लिहावा लागत नाही. आपल्या तालुक्याचा नकाशा काढून त्यावर गावांच्या मधल्या खडकाळ टेकड्या खुणावाव्यात. त्यांची मालकी कोणाची, त्यांवर खाणपट्टा मंजूर आहे का, आणि तिथे अस्वल असल्याचे गावकरी सांगतात का, एवढी माहिती ग्रामपंचायत, तहसील आणि वनखात्याचे कार्यालय इथून मिळू शकते. गोंदिया, गडचिरोली, बुलढाणा, अमरावती, राजनांदगाव, बालोद आणि कांकेर या जिल्ह्यांची अशी यादी तयार झाली, तर कोणत्या टेकडीला हात लावायचा नाही याचा निर्णय स्फोटाच्या आधी घेता येईल. ही यादी करणारे विद्यार्थी या पुस्तकातून तयार व्हावेत, यासाठीच ते लिहिले आहे.

जामुल, भिलाई (छत्तीसगढ)